आरक्लोन: मुंबई ते फ्रँकफर्ट, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचे काही टेराबाइट व्हिडिओ आणि त्यांचे लाखो थंबनेल अॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड स्टोरेजवर, मुंबई रीजनमधल्या (तिथल्या डेटा सेंटरमधल्या) बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात आहेत. त्यांची प्रत फ्रँकफर्टला, तीही दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवावी लागते. गेले काही महिने हे काम आरक्लोन या क्लाउडमधल्या फाइली कॉपी करणाऱ्या टूलकडे आहे. फुकट, ओपन सोर्स, गो भाषेतली एकच बायनरी (थेट चालवायची फाइल).

डिफॉल्टवर चालवलंत तर मात्र वैतागाल. एका वेळी ४ फाइली, चेकर्स (दोन्हीकडच्या फाइली जुळवून पाहणारे) ८. घरच्या ब्रॉडबँडला ठीक, पण इथे पॅकेटला जाऊन यायलाच शंभरावर मिलिसेकंद लागतात. फेरी १२५ मिलिसेकंदांची आणि टीसीपी विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ४ एमबीची धरली, तर एका कनेक्शनवर सेकंदाला ३२ एमबीच्या वर काही जात नाही, नेटवर्क कार्ड १० गिगाबिटचं असलं तरी. म्हणून कनेक्शनं वाढवायची. मी ट्रान्सफर्स (एकावेळच्या फाइली) ३२, प्रत्येक फाइलचे एकावेळी ८ तुकडे आणि तुकडा ६४ एमबीचा ठेवलाय. हा गुणाकार आधी करा: १६ जीबी रॅम नुसत्या बफरला लागू शकते.

डेटा आरक्लोन चालतं त्या मशीनमधूनच जातो, त्यामुळे व्हीएम (क्लाउडवरचं व्हर्च्युअल मशीन) मुंबई रीजनमध्येच हवं. लॅपटॉपवरून चालवण्याच्या फंदात पडू नका. रीजनबाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे लागतातच. २०२४ मध्ये तिन्ही बड्या क्लाउडवाल्यांनी ते माफ केले, पण कायमचं सोडून जाणाऱ्यांना! रोज प्रत पाठवणाऱ्याला काय उपयोग?

व्हिडिओ निमूटपणे जातात. जीव खातात ते थंबनेल. आरक्लोन एस३वर फाइलची मूळ वेळ मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीत) ठेवतं आणि ती वाचायला प्रत्येक ऑब्जेक्टमागे, म्हणजे एस३वरच्या प्रत्येक फाइलमागे, वेगळी हेड रिक्वेस्ट (फक्त ती माहिती विचारणारी) मारतं. काहीच बदललेलं नसलं तरी लाखो रिक्वेस्ट, त्याही बिलात. वेळेऐवजी चेकसम जुळवायचा फ्लॅग लावल्यावर थंबनेलपुरता हा ताप गेला, कारण एका झटक्यात चढवलेल्या छोट्या फाइलचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे तिचा ठसा) सहसा लिस्टिंगमध्येच, म्हणजे फाइलींच्या यादीतच मिळतो.

मल्टिपार्टने, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी चढवलेल्या व्हिडिओंचं तसं नाही. त्यांचा ईटॅग (एस३ प्रत्येक ऑब्जेक्टला देतं ती खूण) म्हणजे एमडी५ नव्हे. आरक्लोनने चढवलेल्या फाइलचा एमडी५ ते स्वतः मेटाडेटात ठेवतं, पण आमचे जुने व्हिडिओ वेगळ्याच टूलने चढवलेले. त्यांच्या बाबतीत चेक कमांड फक्त साइज जुळवते आणि हॅश तपासता आला नाही म्हणून सांगते. खात्री हवी तर डाउनलोडचा फ्लॅग लावून दोन्हीकडचे बाइट वाचायचे, म्हणजे फ्रँकफर्टकडूनही इग्रेसचं (डेटा बाहेर जाण्याचं) बिल. आम्ही निवडक फोल्डरच तसे तपासतो.

एकदाच प्रचंड डेटा हलवायचा असेल तर बर्कलेच्या संशोधकांचं स्कायप्लेन हे टूल पाहा. ते दोन्ही टोकांना व्हीएम उभी करतं आणि फायद्याचं असेल तर तिसऱ्याच रीजनमधून वळसा घेतं. रोजच्या थोड्याथोडक्या बदलांसाठी मला तो पसारा वाटला.

आरक्लोनला स्वतःचं शेड्यूलिंग नाही, त्यामुळे क्रॉन (लिनक्सवर ठरल्या वेळी काम सुरू करणारा) आलाच. कालचं काम संपायच्या आत आजचं सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (एका वेळी एकच काम चालू देणारं कुलूप) लावा. आणि बॅकअपला सिंक नको, कॉपी वापरा: स्रोतातून चुकून उडालेली फाइल सिंक तिकडूनही उडवतं.