सरकारी हँडल्स वर्षभर वापरल्यानंतर : सूचना चित्रात नको, अक्षरात द्या

मुंबईत एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) कोणती सरकारी खाती फॉलो करायची ते तुम्हाला माहीतच आहे : मुंबई पोलीस, महापालिका, आपापल्या वॉर्डाचं हँडल (म्हणजे खातं), मध्य आणि पश्चिम रेल्वे, हवामान विभाग. गेल्या पावसाळ्यापासून मी पेपर बंद करून यांच्यावरच भागवतोय. महिन्याचे तेवढेच पैसे वाचतात. आधी चांगलं सांगतो.

महापालिका पावसाळ्यात भरती-ओहोटीची जी पोस्ट टाकते, ती मला सगळ्यात आवडते. तारीख, वेळ, किती मीटरची भरती, पावसाचा अंदाज, सगळं टाइप केलेलं, मराठीत. भरती साडेचार मीटरच्या वर आणि हवामान विभागाचा रेड अलर्ट, म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता, हे दोन्ही एका दिवशी जुळून आलं की परळ-हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागातल्या माणसाने बाहेर पडायचं की नाही हे पोस्ट वाचूनच ठरवता येतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा हातात अशी काहीच सोय नव्हती.

मुंबई पोलिसांबद्दल माझं मत मात्र मध्येच बदललं. डिसेंबर २०१५पासून त्यांचं खातं आहे आणि त्यावरच्या कोट्या, मीम्स मला वेळेचा अपव्यय वाटायच्या. आता वाटत नाही. गमतीसाठी फॉलो केलेल्या माणसापर्यंत ओटीपी कुणाला देऊ नका हेही पोचतं. नुसती परिपत्रकं चिकटवली असती तर एवढी माणसं तिथे थांबली नसती.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

माझी मावशी परळला राहते. तिला दिसत नाही. फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, चालवते आणि माझ्यापेक्षा भराभर चालवते. भरतीची पोस्ट तीच सकाळी मला फोन करून सांगते. उपनगरातल्या एका सरकारी कार्यालयाने दिव्यांगांसाठी शिबिर ठेवलं होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण ही सवय एकट्या त्यांची नाही. शिबिराची पोस्ट तिने माझ्यासमोर फोनला वाचायला लावली. फोनने आधी हॅशटॅग वाचले. मग एकेका मान्यवराचं हँडल, अंडरस्कोरसकट. मग "लाभ घ्यावा". शेवटी म्हणाला, "इमेज". आणि गप्प.

मावशी म्हणाली, "सगळ्यांची नावं वाचली रे त्याने, पण जायचं कुठे ते नाही सांगितलं."

मी चित्र उघडून पाहिलं. वरचा अर्धा भाग फोटोंचा, भोवती सोनेरी महिरप आणि अगदी तळाशी, जांभळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत पत्ता. तारखेच्या जागी "येत्या बुधवारी". कुठला बुधवार? आम्ही त्याच आठवड्याचा धरला आणि गेलो. शिबिराची जागा बदलली होती. ती सूचनाही दुसऱ्या पोस्टरमध्येच होती. ट्रेनने जाऊन पुढे रिक्षा, तिथून नव्या जागी पुन्हा रिक्षा. किमान भाडंच २६ रुपये आहे आणि आमचं किमान भाड्यात भागलं नाही. नव्या जागी पोचलो तेव्हा टोकन संपली होती. ते पैसे मला अजून सलतात. मावशीची अर्ध्या दिवसाची रजा गेली ती वेगळीच.

काही जण म्हणतील, चित्रातली अक्षरं वाचणारं गूगल लेन्स लावा. लावून पाहिलं. नक्षीदार देवनागरी आणि मागे फोटो असला की ओळींची सरमिसळ होते, आणि पत्त्यातला एक आकडा चुकला तरी माणूस भलत्याच इमारतीत जातो. शिवाय हे काम मावशीने का करावं? एक्सवर प्रत्येक चित्राला १,००० अक्षरांपर्यंत वर्णन जोडता येतं, फुकट. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे आणि त्यातलं ४२वं कलम नेमकं माहिती सुगम स्वरूपात देण्याबद्दल आहे. त्याच कायद्याखालच्या लाभाचं पोस्टर त्याच लोकांना वाचता येऊ नये, याचा मला मनापासून राग येतो.

आणि डोळस माणसाचंही यात नुकसानच आहे. चित्रातला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही. ते चित्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर फिरत राहतं आणि नवीन माणूस त्याला आजचंच समजतो. त्यात २०२३पासून एक्सवर लॉग-इन न करता एखाद्या खात्यावर गेलं तर ताज्या पोस्ट क्रमाने दिसतीलच असं नाही. म्हणजे ज्याचं अकाउंट नाही त्याच्या हाती ते फिरतं चित्रच उरतं.

इथवर लिहून ठेवलं होतं. दरम्यान मी त्या कार्यालयाला ४२व्या कलमाचा उल्लेख करून उत्तर टाकलं, शिवाय ईमेलही केला. एक्सवर "डीएम करा" (म्हणजे खासगी मेसेज पाठवा) एवढंच आलं, पण ईमेलला एका कर्मचाऱ्याचा फोन आला. बाई नीट बोलल्या. पोस्टर बाहेरून बनवून येतं, त्यातला मजकूर टाइप करून द्यायला कुणी सांगितलेलंच नाही, असं त्या म्हणाल्या. पुढच्या शिबिराच्या पोस्टमध्ये तारीख, वार, पत्ता, जवळचं स्टेशन चार ओळींत टाइप केलेलं होतं. मावशीने ती स्वतः वाचली आणि स्वतः गेली. त्यामुळे त्या कार्यालयाच्या खात्याला पाचपैकी एक तारा देणार होतो, तो तीनवर नेला. त्यानंतरची पोस्ट पुन्हा नुसतं चित्र होती, म्हणून चार देत नाही.

तुमच्याकडे असं पोस्टर आलं तर पुढे पाठवताना खाली तारीख, महिना आणि पत्ता टाइप करा. खात्याच्या नावापुढे करडी टिक आहे का तेही बघा, ती सरकारी खात्यांना असते. आणि त्या कार्यालयाला ईमेल करा, नुसता टॅग करू नका. माझा तरी ईमेलच कुणीतरी वाचला.