४८ अंड्यांचं घरगुती इन्क्युबेटर: मे ते डिसेंबर वापरल्यावर

अंडी उबवायचं हे यंत्र साधंच आहे. आत फॅन, वर पारदर्शक झाकण, दर दोन तासांनी अंडी फिरवणारा रोलरचा ट्रे, तळाशी पाण्याचे दोन कप्पे आणि मागे १२ व्होल्ट बॅटरी जोडायची सोय. मे महिन्याच्या कोरड्या उकाड्यापासून डिसेंबरच्या थंडीपर्यंत यात गावठी कोंबडीची अंडी लावून झाली. घ्यावं का, तर जरूर घ्यावं. पण पडद्यावरचा आकडा बघून निवांत राहायचं असेल, तर खुडूक कोंबडीच बरी.

पहिली शंका तापमानाची. फॅनवाल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश हवं. या यंत्राचा पडदा ३७.७ दाखवत होता तेव्हा आत ३७.१ होतं. फरक किरकोळ वाटतो, पण तो २१ दिवस चालू राहतो. कमी उबेत पिल्लं २२-२३व्या दिवशी आणि मलूल निघतात. जास्त उबेत १९-२०व्या दिवशीच फुटतात आणि बेंबी नीट मिटलेली नसते. तपासायला महाग उपकरण लागत नाही, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पुरतो, कारण नेमक्या याच टप्प्यात तो अचूक असतो. छोट्या प्लास्टिक पिशवीत पाणी भरून तोंड घट्ट बांधा, पिशवी अंड्यांच्या ओळीत दोन-तीन तास ठेवा, मग पिशवी उघडून लगेच पाण्याचं तापमान घ्या. ९९.५ ते ९९.९ फॅरेनहाइट आलं की काम झालं. नाहीतर मेनूमधल्या दुरुस्तीत तेवढा फरक भरा. अंडी लावण्याआधी यंत्र रिकामं २४ तास चालवून हे उरकून घ्यावं. कोपऱ्यात आणि मधे वेगवेगळं मोजावं. फॅनपासून लांबचा कोपरा इथे थोडा थंड निघाला.

आर्द्रतेचा सेन्सर तर याहून बेभरवशाचा. बाहेरचा छोटा मीटर घ्या आणि आधी त्याचीच परीक्षा करा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि मीटरसोबत हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. जितका चुकेल तितका फरक लिहून ठेवा.

पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. माहितीपत्रकात ‘दोन्ही कप्पे कायम भरलेले ठेवा’ असं सरसकट लिहिलंय आणि पावसाळ्यात तोच सल्ला नडतो. जुलैत खोलीत २६ अंश आणि ९० टक्के दमटपणा असेल, तर तीच हवा आत ३७.५ पर्यंत तापल्यावर पाण्याचा थेंबही न घालता ४७ टक्क्यांच्या आसपास राहते. वर दोन्ही कप्पे भरले की अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, अंड्यातला हवेचा कप्पा लहान राहतो, आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. अशी अंडी फोडली की आत फुगलेलं, ओलं गिच्च पिल्लू दिसतं. उन्हाळ्यात उलट: दोन्ही कप्पे भरूनही ओढाताण होते. तेव्हा कप्प्यात स्पंजची पट्टी उभी करावी. पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही, ओला पृष्ठभाग किती आहे याला आहे.

खरा न्याय मात्र वजनकाट्यावर होतो. १८व्या दिवसापर्यंत अंड्याचं ११ ते १३ टक्के वजन घटायला हवं. दहा अंड्यांवर पेन्सिलने खूण करून ती एकत्र तोला. ४५ ग्रॅमची असतील तर सुरुवात ४५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ३ ग्रॅम घट: सातव्या दिवशी ४२९, चौदाव्याला ४०८, अठराव्याला ३९६. सातव्या दिवशी काटा ४३६ दाखवत असेल तर पाणी काढून टाका, ४२० दाखवत असेल तर घाला. दहापैकी एखादं अंडं कोरं (फलन न झालेलं) निघून काढावं लागलं, तर उरलेल्यांचं सुरुवातीचं वजन धरायचं, म्हणून प्रत्येकावर आकडा लिहिलेला बरा.

रोलरचा ट्रे हा या यंत्राचा कमकुवत भाग. खाचा मोठ्या अंड्यांच्या मापाच्या आहेत; गावठी अंडं त्यात घसरतं आणि जागच्या जागी डुलतं. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. सकाळ-संध्याकाळ बघताना सगळीकडे फुलीच दिसली, तर अंडी फिरत नाहीयेत. मग दिवसातून तीन किंवा पाच वेळा हाताने फिरवा.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर बघा. शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका असेल तर जिवंत. पिवळसर आणि स्वच्छ असेल तर फलन झालेलंच नाही. लाल कडं दिसलं तर सुरुवातीलाच मेलेलं. लाल कडी बरीच दिसली, तर आधी अंड्यांची साठवण तपासा: सात दिवसांपेक्षा जुनी किंवा उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेली अंडी लावू नयेत, धुऊन तर नकोच.

१८व्या दिवशी फिरवणं बंद. रोलर काढून जाळीदार मॅट अंथरा, आर्द्रता ६५ ते ७० वर न्या, हवेची भोकं पूर्ण उघडा. कवचाला पहिली टोच पडल्यावर पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास घेऊ शकतं. या काळात झाकण उघडलं की आतली ओल उडते, कवचाच्या आतला पातळ पडदा पिल्लाच्या अंगाला चिकटून सुकतो आणि त्याला वळताच येत नाही. पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते, त्यामुळे पहिली पिल्लं दिवसभर दाण्यापाण्याविना आत राहिली तरी चालतं. इथे धीर धरणं ही मदतच.

लोडशेडिंगसाठी ७ अँपिअर-तासाची बॅटरी तासाभराची सोय समजा. गावात चार-पाच तास वीज जात असेल तर मोठी बॅटरी हवी. बॅटरी नसेल तर गोधडी टाका, पण भोकं मोकळी ठेवून. अंडी दोन-तीन तास थंड झाली तर सहसा निभावून जातं, पण ४० अंशांवर तापली तर नाही. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते तेव्हा हे यंत्र काहीही करू शकत नाही. ते फक्त हीटर बंद करतं, गार करत नाही. त्या दिवसांत अंडी लावूच नका.

आठ महिन्यांत दोन दुरुस्त्या लागल्या. बोअरच्या पाण्याने कप्प्यात पांढरा थर साचला, तो व्हिनेगरने निघाला. आता उकळून गार केलेलं पाणी वापरणं सोयीचं. आणि फॅन घरघरू लागला. दर फेरीनंतर पिल्लांची लव त्यात अडकते, ती ब्रशने काढायला हवी. ८० मिलिमीटरचा १२ व्होल्ट फॅन कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो, बॉल बेअरिंगचा मागा, आणि जुना काढण्याआधी वारा कुठल्या बाजूला जातो त्याची पेनाने खूण करून ठेवा.