पत्र्याचा कूलर: दुसरा उन्हाळा संपताना

पत्र्याचा कूलर घ्यावा की प्लास्टिकचा, हा वाद आपल्याकडे होळी झाली की निघतोच. लातुरात दोन उन्हाळे चाललेल्या, अठरा इंची पंख्याच्या कूलरवरून सांगायचं तर पत्र्याचाच घ्या. फक्त पाण्याकडे आणि अर्थिंगकडे लक्ष देणार असाल तरच.

यात बिघडण्यासारखं आहे काय? मोटर, कपॅसिटर, पंप आणि गवत. चारही वस्तू तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात आणि बहुतेक कुठल्याही पत्र्याच्या कूलरला बसतात. प्लास्टिकवाल्याचा झडपा हलवणारा गिअर किंवा रिमोटचा बोर्ड गेला, की त्याच मॉडेलचा पार्ट शोधत फिरावं लागतं. उन्हात ठेवलेलं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, ते वेगळंच.

घेताना पत्र्याचा गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. बाजूंना २४ चालतो, टाकीच्या तळाला २२ हवा. पातळ तळ पाण्याच्या वजनाने खाली येतो आणि पाय जोडलेत तिथेच चिरतो. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची घ्या. जळाली तरी ती पुन्हा भरून मिळते, ॲल्युमिनियमवाली भरायला कोणी फारसं तयार होत नाही. मोटर नुसतीच गुणगुणत असेल आणि पातं काडीने ढकलल्यावर फिरत असेल, तर आधी कपॅसिटर बदला. जुन्यावर जितके एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप) छापलेत तितक्याचाच आणा. पंखा खडखडायला लागला तर बुशला (मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ते कडं) शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब. तरीही शाफ्ट हलत असेल तर बुश झिजलंय.

खरा शत्रू म्हणजे बोअरचं पाणी. वाफ होऊन उडतं ते पाणी. क्षार टाकीतच राहतात. रोज वरून भर घालत राहिलं तर आठवड्याभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारं होतं. मग गवतावर पांढरे पोपडे धरतात, वरच्या पन्हाळीची भोकं बुजतात आणि एक पट्टा कोरडाच राहतो. त्या कोरड्या पट्ट्यातून गरम हवा सरळ खोलीत येते, आणि लोक म्हणतात कूलर थंड करत नाही! आठवड्यातून एकदा बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा, भोकं सुईने मोकळी करा. पंप अडकला तर खालचं झाकण काढून आतला पंखा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, क्षार सुटतात. नवा पंप आणायची घाई नको. सोडलेलं पाणी झाडांना घालू नका, मोरी धुवायला वापरा.

गवताऐवजी बसणारी, मधाच्या पोळ्यासारखी हनीकोंब जाळी गवतापेक्षा जास्त टिकते आणि घाणही कमी करते. पण पाणी जड असेल तर तिच्या पेशी क्षाराने बुजतात आणि महागाची वस्तू वाया जाते. इथे वूडवूलच (लाकडाच्या तंतूंचं नेहमीचं गवत) बरं, दर मार्चला नवं भरायचं.

पाणी किती पितो? भर मे महिन्यात, दुपारी फुल स्पीडवर, तासाला आठ-दहा लिटर सहज. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात हा आकडा लहान नाही. टँकरवर घर चालत असेल तर कूलर रात्रीच लावा. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली की मात्र हा कूलर निव्वळ मोठा पंखा उरतो.

आता धोक्याचं. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग नसेल तर हा कूलर घेऊच नका. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना आणि पंपाला हात लावताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

गंज आधी तळाच्या कोपऱ्यांत आणि वेल्डिंगच्या जोडांवर येतो, कारण तिथलं जस्त जळून गेलेलं असतं. पावसाळ्यात ठेवून देण्याआधी गवत काढून टाका (ओलं गवत जाळीची खालची पट्टी खाऊन टाकतं), टाकी पुसून दोन दिवस उन्हात वाळवा, गंज पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा हात द्या, वर ऑइल पेंट. टाकीच्या आतून डांबरी काळा रंग. पाव लिटरच्या डब्यात एका कूलरचं काम होतं.