79 सालची पहिली आवृत्ती म्हणून घेतली आणि साडेसात हजार गेले

जुनी विज्ञानकथेची पुस्तकं, दिवाळी अंक जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझे गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं. वडील रेल्वेत होते, गाडीत लोकं वाचून सोडून गेलेली मासिकं, दिवाळी अंक ते ड्युटीवरून येताना घेऊन यायचे. उन्हाळ्यात रात्री घरात झोपणं शक्यच नसायचं, मग गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या आणि बॅटरी लावून वाचत पडायचं. नवल, धनंजय, इंद्रजालचे फ्लॅश गॉर्डनवाले अंक, आणि नारळीकर सरांच्या कथा. वाचता वाचता वर बघितलं की आभाळ वेगळंच दिसायचं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे वडील रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, माळ्यावरची पेटी वाळवीने खाल्ली. तेव्हापासून धुळ्याला, जळगावला कुठेही गेलो की रद्दीच्या दुकानात डोकावल्याशिवाय परत येत नाही.

20 मे 2025 ला सर गेले. त्याच आठवड्यात एकाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, सरांच्या 'यक्षांची देणगी' या विज्ञानकथासंग्रहाची पहिली आवृत्ती आहे, 1979 ची, सरांच्या सहीसकट. मी लगेच हो म्हटलं नव्हतं हं. पण हा माणूस बोलायला लागला की 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत सरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप नावाने पाठवली होती, आणि त्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर. हे सगळं खरंच आहे, आणि तिथेच मी विरघळलो. ज्याला जगतापांची गोष्ट माहितीये तो आपल्यातलाच, असं मनाने धरलं. पहिले साडेचार हजार ॲडव्हान्स, मग "दुसरा गिऱ्हाईक थांबलाय भाऊ" म्हणून उरलेले तीन हजार पण पाठवले, पुस्तक हातात यायच्या आधी.

पुस्तक आलं. पान पिवळं, पण फक्त कडेने, आणि नाकाला लावलं तर चहाचा वास. मागच्या कव्हरवर 978 ने सुरू होणारा 13 आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर. हे तेरा आकडे 2007 पासून आले, त्याआधी दहाच असायचे, म्हणजे 79 सालच्या पुस्तकावर हा नंबर असूच शकत नाही! मग आतलं पान बघितलं. 'पहिली आवृत्ती 1979' ही ओळ आहेच, पण ती नंतरच्या प्रतींवरही छापलेली असते, खाली पुढच्या आवृत्त्यांची यादी येते. त्याने पाठवलेल्या फोटोत नेमका त्या यादीवर अंगठा होता आणि मला तो पुस्तक धरणारा अंगठा वाटला. सही घड्याळवाल्या मित्राकडच्या भिंगाखाली धरली तर शाईची रेघ नाहीच, नुसते बारीक रंगीत ठिपके, म्हणजे प्रिंटरवर काढलेली. मित्र एवढंच म्हणाला, "जाऊ दे भो." पण मला पैशापेक्षा त्या सहीचं वाईट वाटलं, सर जाऊन आठ दिवस झाले नव्हते तेव्हा हा त्यांची सही छापत बसला होता.

नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे देऊन अकरा दिवस झाले होते आणि खात्यातून ते केव्हाच निघून गेले होते. तुमच्यासोबत असं झालं तर त्याच तासाला 1930 लावा, माझ्यासारखं पार्सलची वाट बघत बसू नका. आणि कुणी जुनी प्रत विकत असेल तर व्हिडिओ कॉलवर आतलं आवृत्तीचं पान पूर्ण, बोटं बाजूला करून दाखवायला सांगा, मागचं कव्हरही, आणि सही तिरप्या उजेडात धरायला लावा. काहीतरी कारण सांगून टाळलं तर सरळ सोडून द्या.

कुणाकडे खरोखर 79 ची प्रत असेल तर मला विकू नका, फक्त त्या पानाचा आणि मागच्या कव्हरचा स्वच्छ फोटो पाठवा. पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला माझ्याकडे काहीतरी असेल.