पाम एम१०० साठी एफटीडीआय चिपची यूएसबी-सिरियल केबल: देवगडच्या बागेतला अनुभव

"बॅटरी काढू नको हां, सगळा जातला!" गेली कित्येक वर्षं बाबांचं हे ओरडणं मी ऐकतेय. ते खरंही आहे. पाम एम१०० ह्या हातात मावणाऱ्या जुन्या संगणकातली माहिती रॅममध्ये राहते, दोन एएए सेल काढले की जेमतेम मिनिटभर तग धरते. आणि २००१ पासूनची आमच्या कलमांची सगळी नोंद ह्या २ एमबीच्या यंत्रात आहे. मोहोर कुठल्या कलमाला कधी आला, तुडतुड्यांची फवारणी कधी झाली, वाशीला किती पेट्या गेल्या. सगळं रोमन लिपीतलं मराठी, बाबांनी काडीने (स्टायलसने) स्क्रीनवर लिहिलेलं. जुन्या पीसीवर बॅकअप होता, पण वळवाच्या विजेत त्याचा मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही गेले.

ह्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने सेलच्या पत्र्यांना हिरवं धरलं, स्क्रीन दोनदा विझला. मग मात्र थांबवेना.

एम१०० ची हॉटसिंक केबल, म्हणजे यंत्रातल्या नोंदी पीसीशी जुळवणारी, नऊ पिनांची, सिरियल. नव्या पीसीला तो पोर्टच नाही. जवळच्या बाजारातून आणलेली पहिली स्वस्त यूएसबी-सिरियल केबल डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दाखवत बसली, कोड १०. चार संध्याकाळी तिच्यात गेल्या. नंतर एफटीडीआय कंपनीच्या चिपची मागवली, आठशेच्या आसपास पडली. लावल्याबरोबर विंडोज १० ने कॉम ५ म्हणून ओळखली. पीसीवरच्या पामच्या हॉटसिंक मॅनेजरमध्ये 'लोकल सिरियल' निवडून तोच पोर्ट दिला. सर्वांत जास्त वेगावर सिंक मध्येच तुटत होतं. ५७६०० बिट प्रति सेकंदावर आणलं आणि सुरळीत झालं.

सिंकचं बटण दाबण्याआधी एक काम कराच. 'कस्टम'मध्ये जाऊन प्रत्येक नोंदीपुढे 'हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप' ठेवा. उलटं राहिलं तर रिकामा पीसी भरलेलं यंत्र पुसून टाकेल. मी हे तीनदा तपासलं, तरी बटणावर बोट ठेवताना हात थरथरत होता.

मेमो एकेक करून पडद्यावर आले. नोव्हेंबर २००९, फयान वादळ: कुठली कलमं उन्मळली त्यांची यादी. मे २०२१, तौक्ते: खाली पडलेल्या आंब्यांचा अंदाज. बाबा चष्मा लावून वाचत होते, मध्येच म्हणाले, "ह्या कलम मी इसारलंय होतंय."

केबल मला मनापासून आवडली. जोड घट्ट बसतो, स्क्रू नीट आवळतात. लांबी मात्र हातभरच, पीसी टेबलाखाली असेल तर वाकावं लागतं. आणि तुमचा पाम यूएसबीवाला असेल, पामच्याच झायर मॉडेलसारखा, तर ही घेऊ नका. त्याची अडचण निराळी आहे: ६४ बिटच्या विंडोजसाठी पामने यूएसबी ड्रायव्हर दिलाच नाही. सिरियलवाले ह्यातून सुटले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःहून सेल काढले आणि लिंबाच्या फोडीने पत्रे घासत बसले. चांगली वीस मिनिटं. यंत्र कोरं झालं, नव्यासारखं काडी टेकवायला सांगू लागलं. पुन्हा सिंक केलं, यादीतून बाबांचं नाव निवडलं. सगळी कलमं जागच्या जागी परत आली.