बागेतली रेल्वे जमिनीवर की खांबांवर? आधी बघा, बागेत येतं कोण

ब्रिटनमध्ये घरामागे बाग असलेली मराठी मंडळी छोटी रेल्वे उभारायचं ठरवतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेकदा गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा असतो. ४५ मिमी की ३२ मिमी? प्रश्न रास्त आहे. जर्मनीच्या लेहमान कंपनीने १९६८ साली ‘एलजीबी’ आणली, तेव्हापासून ४५ मिमीचे जाड पितळी रूळ बागेच्या रेल्वेत रुळले. त्यावर मीटरगेज गाड्यांच्या प्रतिकृती धावतात. खऱ्या एका फुटाला १६ मिमी या प्रमाणात ३२ मिमी गेज म्हणजे दोन फुटी रेल्वे, आणि दोन फुटी म्हणजे आपली नेरळ-माथेरान. माझं मन कुठे ओढ घेतं, ते सांगायला नकोच.

तरीही माझं मत असं, की गेजच्या आधी उंची ठरवावी. रूळ जमिनीवर टाकायचे, विटांच्या भिंती घालून मातीच्या वाफ्यावर, की खांबांवर कंबरेइतक्या उंच? हा निर्णय तुमच्या पाठदुखीवर आणि बजेटवर जितका अवलंबून आहे, त्याहून जास्त तुमच्या बागेत रात्री कोण फिरतं यावर आहे. हौस म्हणून घातलेली लाइन दोन-तीन वर्षांत गवताखाली जाते, त्यामागे गाडीतल्या बिघाडापेक्षा रोजची दुरुस्ती जास्त असते. आणि ही रोजची दुरुस्ती बहुतांशी प्राण्या-पक्ष्यांनी ओढवलेली असते.

जमिनीवरची लाइन

दिसायला हिची सर कुणालाच नाही. थाइम, सेडम, बुटकी सूचिपर्णी झाडं रुळाला लागून वाढतात, वळणावर खराखुरा भराव घालता येतो, तळ्यावरून पूल नेता येतो. मुलं गुडघ्यावर बसून गाडी डोळ्यांच्या पातळीवर बघतात. हे सुख खांबांवर मिळत नाही.

मात्र सैल, बारीक, कोरडी खडी म्हणजे मांजरांसाठी तयार शौचालय. ब्रिटनमधले बरेच जण खडी म्हणून कोंबड्यांना घालतात ती ग्रॅनाइटची बारीक कच वापरतात. प्रमाणात अगदी शोभून दिसते, आणि मांजरालाही नेमकी हीच आवडते. शेजारच्या मांजराला कायद्याने कुंपण नाही, त्याला इजा करणं हा प्राणी कल्याण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसं करावंसं वाटणाऱ्याने हा छंद सोडलेला बरा. घरात कुणी गरोदर असेल तर हा प्रश्न रुळांपुरता राहत नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला घातक परजीवी पसरतो, म्हणून अशी खडी उकरताना हातमोजे हवेतच, आणि गरोदर बाईने ते काम करूच नये.

उपाय एकच खात्रीचा: खडी सैल ठेवायची नाही. कोरड्या कचेत थोडं सिमेंट मिसळून रुळांमध्ये ब्रशने पसरा आणि झारीने हलकं पाणी मारा. पृष्ठभाग घट्ट झाला की मांजर उकरत नाही. यातली एक गोष्ट मात्र नीट सांभाळा. पितळ तापलं की लांबतं. हिवाळ्यातल्या पहाटेपासून जुलैच्या दुपारपर्यंत रुळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर रूळ साडेसात मिमीच्या आसपास वाढतो. म्हणून सिमेंटने फक्त स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, धरावेत, रूळ त्यांच्या खाचांत सरकायला मोकळे राहावेत आणि जोडांमध्ये फट असावी. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांच्या हलत्या जिभांजवळ सिमेंट अजिबात नको. तिथे सैल खडी राहणारच, ती रोज झाडावी लागणार, हे धरून चाला.

दुसरा उपद्व्यापी म्हणजे ब्लॅकबर्ड, आपल्या कस्तुराच्या गोतातला काळा पक्षी. गांडुळं आणि किडे शोधताना तो शेवाळ, पानं, खडी चोचीने दोन्ही बाजूंना उडवतो. एका सकाळी स्टेशनचा फलाट दिसेनासा होतो. त्याला हाकलू नका, आणि मार्च ते ऑगस्टच्या सुमारास रुळालगतच्या झुडपात घरटं असेल तर छाटणीही थांबवा. वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गाडीपुढे एक छोटा ब्रश लावलेला डबा ढकलला तर त्याने उडवलेला कचरा बराचसा बाजूला होतो.

मोल मात्र वेगळा. जमिनीखाली बोगदे खणणारा हा प्राणी रुळाखाली शिरला की लाइनमध्ये ढिगारा उगवतो आणि रूळ वरून लटकत राहतात. हिरवळीवर त्याचे ढिगारे आधीपासून दिसत असतील, तर जमिनीवरच्या लाइनचा विचार सोडून द्या. खाली जाळी अंथरून थोडी आडकाठी होते, पण तो जाळीच्या कडेने वर येतो.

बॅजर, म्हणजे पट्टेरी तोंडाचा, बिळात राहणारा दणकट प्राणी, असेल तर गोष्ट आणखी जड होते. गांडुळं आणि अळ्यांसाठी तो एका रात्रीत हिरवळीचा पट्टा उलथून टाकतो. एलजीबीचा ८.४ मिमी उंचीचा रूळ त्याच्या पायाखाली टिकतो, पण ३२ मिमीसाठीच्या ५ मिमी रुळाचे प्लास्टिक स्लीपर तुटतात. माथेरानची हौस असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बॅजरच्या बिळाला हात लावता येत नाही. १९९२ चा स्वतंत्र कायदा त्यासाठीच आहे.

बोगद्यांबद्दल दोन शब्द, कारण माझ्या लेखी ही सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे. ओलसर, अंधारा, थंडीत उबदार बोगदा बेडूक, उंदीर आणि काटेरी अंगाचा छोटा हेजहॉग या सगळ्यांना आवडतो. हेजहॉग ब्रिटनमध्ये खूप कमी झाले आहेत. लोक त्यांच्यासाठी कुंपणाला मुद्दाम १३ सेंटीमीटरची चौकोनी भोकं ठेवतात. अशा पाहुण्यावर इंजिन आदळू नये, म्हणून बोगदा दोन्ही टोकांनी हात घालून मधोमध पोचता येईल इतकाच लांब ठेवा, रात्री तोंडाला जाळीचं दार लावा, आणि सकाळी पहिल्या गाडीआधी टॉर्चने आत बघा. हिवाळ्यात कुणी आत मुटकुळं करून झोपलंच असेल, तर मार्चअखेरपर्यंत ती लाइन बंद ठेवा. गाडी थांबू शकते.

खांबांवरची लाइन

७५ ते ९० सेंटीमीटर उंची, दर मीटरला एक खांब, वर १५-२० सेंटीमीटर रुंदीची फळी. मोल आणि बॅजर यांचा प्रश्न इथे संपतो. उकरायला खडीच नसल्याने मांजराचाही शौचालयाचा प्रश्न संपतो. मांजर फळीवरून चालेल, उन्हात ताणून झोपेल, एखादा सिग्नल पाडेल, पण घाण करणार नाही. हा फरक मला निर्णायक वाटतो.

काही त्रास नव्याने येतात. उंच, मोकळी, लांबच लांब फळी म्हणजे कबुतरांची बसायची जागा, आणि रुळावर विष्ठा. करड्या खारी सहज वर चढतात आणि प्लास्टिकच्या इमारती, वायरी कुरतडतात. म्हणून इमारती रात्री आत न्या आणि वायरी नळीतून घाला. पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं लाइनपासून बागेच्या दुसऱ्या टोकाला टांगलं, की कबुतर आणि खार दोन्ही तिकडे वळतात. सांडलेले दाणे उंदीरही बोलावतात, ते रोज झाडा.

रूप मात्र हरवतं. खांबांवर रेल्वे बागेत नसते, बागेच्या वरून जाते. पुढे वेली सोडल्या तर थोडं झाकलं जातं. ज्यांना वाफेचं इंजिन चालवायचं आहे, उभ्याने तेल-पाणी भरायचं आहे, त्यांना ही उंची इतकी सोयीची वाटते की ते तक्रार करत नाहीत.

मधला पर्याय, आणि तो मला का पटत नाही

विटांच्या किंवा लाकडी भिंतींचा ४०-४५ सेंटीमीटर उंच वाफा, आत माती, वर रूळ. दुकानातल्या माहितीपत्रकांत हा सर्वांत देखणा दिसतो आणि नवखे बहुतेक याच्यावर भाळतात. पण मऊ, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी माती, तीही वाऱ्यापासून आडोशाला. मांजराला याहून चांगली जागा नाही. कोल्हेही इथे खणतात, विशेषतः झाडांना हाडांची भुकटी किंवा मासळीचं खत घातलं असेल तर. कोल्ह्याला वाटतं, आत काहीतरी पुरलंय. खत बदला, वनस्पतिजन्य घ्या, निम्मा त्रास कमी होतो. भिंतीआतल्या पोकळीत उंदीर राहतात ते वेगळंच. वाफा करायचाच असेल, तर मातीवर अर्धा इंची जाळी अंथरून तिच्या भोकांतून रोपं लावा. ते एका दिवसाचं काम नाही.

घरचा कुत्रा

बाहेरच्या प्राण्यांसाठी केलेला हिशेब घरच्या कुत्र्यापुढे बदलतो. टेरियरसारख्या जातीला हलणारी छोटी वस्तू दिसली की पाठलाग करायचाच, तो त्याचा स्वभाव आहे. जमिनीवर गाडी उलटेल, डबा तोंडात जाईल. विजेच्या गाडीत नुकसान डब्याचं. वाफेच्या इंजिनात नुकसान कुत्र्याचं, कारण बॉयलरचा पत्रा शंभर अंशांच्या वर तापलेला असतो आणि खाली ब्युटेनची ज्योत असते. कुत्रा आणि वाफ दोन्ही असतील तर खांबच, त्यावर वाद नको. खांबाच्या बुंध्याशी तो पाय वर करणार, तिथे नाजूक थाइम लावू नका. कोकोच्या टरफलांचं आच्छादनही टाळा. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन त्यात असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. मांजर पाळत असाल तर लिलीची रोपं लाइनजवळच काय, बागेतही नकोत.

वीज रुळातून की गाडीतून

उंची ठरली की हा निर्णय सोपा होतो. रुळातून वीज नेली तर रूळ स्वच्छ हवेत, आणि बागेतला रूळ स्वच्छ राहत नाही. गोगलगाईचा चिकट माग वाळला की चाक आणि रुळाचा संपर्क तुटतो, मुंग्या चिरडल्या की चाकं घसरतात. जमिनीवर लाइन असेल तर बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल घ्या, रूळ पुसण्यात सकाळ जात नाही. खांबांवर गोगलगाई कमी चढतात, तिथे रुळातली वीज चालून जाते, फक्त कबुतरांच्या विष्ठेसाठी फडकं जवळ ठेवा. गोगलगाई मारायला मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मात्र शोधू नका. २०२२ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बागेत त्यांच्यावर बंदी आहे, कारण त्या खाऊन पक्षी आणि हेजहॉगही मरत.

पुणे-नाशिककडच्यांसाठी

फार्महाऊसवर असा बेत करणारे काही जण विचारतात. पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून हौस येते, पण ते सगळं छताखाली आहे. उघड्यावर वरचा हिशेब जसाच्या तसा चालत नाही. बॅजर-मोलची जागा घूस घेते, आणि ती पोखरण्यात दोघांना भारी आहे. ब्लॅकबर्डचं काम सातभाईंचा थवा करतो. म्हणजे इथेही खांब बरे, पण लाकडी नकोत, वाळवी पहिल्याच पावसाळ्यानंतर लागते. लोखंडी किंवा सिमेंटचे घ्या. वानरांना मात्र उंचीने फरक पडत नाही. त्यांचा वावर असेल तर गाडी आणि इमारती कधीच बाहेर सोडू नका, आणि बाहेर खाणं अजिबात नको. बोगद्यात साप असण्याची शक्यता धरूनच हात घाला, म्हणजे आधी काठी आणि टॉर्च. दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

खडी मागवण्याआधी एक स्वस्त चाचणी करून बघा. लाइन जिथून जायची, तिथे दोन-तीन मीटरचा ओल्या वाळूचा पट्टा टाका, शेजारी थोडी कोरडी खडी पसरा आणि आठवडाभर रोज सकाळी ठसे बघा. फक्त पक्ष्यांची पावलं आणि एखाद्या मांजराची असतील, तर खुशाल जमिनीवर जा आणि खडी सिमेंटने बांधा. पाच बोटं, लांब नखं आणि रुंद पंजा दिसला तर तो बॅजर, मग खांबांचीच मापं काढा. आणि पट्ट्याखालून माती वर आली असेल, तर ठसे बघायचीही गरज नाही.