हॉलमार्कचा शिक्का भिंगाखाली दाखवणारी मालवणची पेढी

मालवणच्या बाजारपेठेतील या सराफी पेढीतून आम्ही गणपतीच्या आधी मोहनमाळ, कुड्या आणि देवासाठी सोन्याची दुर्वा घेतली. घडण नीटस आहे आणि कुड्यांची फिरकी घट्ट बसते; त्याहून अधिक लिहावे असे तिच्यात काही नाही. लिहायचे आहे ते शिक्क्याविषयी.

हॉलमार्क दुकानातच मारतात, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. पेढीचे मालक तो गिऱ्हाइकापाशी आपणहून खोडून काढतात. दागिने सरकारमान्य केंद्रात जातात, तिथे कस तपासला जातो आणि मगच शिक्का उमटतो, असे ते सांगतात. या शब्दाचा उगमही असाच आहे. इंग्लंडमध्ये 1300 सालच्या कायद्याने चांदीच्या भांड्यांवर बिबट्याच्या मुखाचा शिक्का सक्तीचा झाला, तेव्हा सोनारसंघाचे अधिकारीच दुकानोदुकानी फिरत. 1478 पासून मात्र माल तपासणीसाठी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये न्यावा लागू लागला आणि त्या हॉलचा म्हणून तो हॉलमार्क. उत्तम दर्जाची खूण हा व्यापक अर्थ पुढे चिकटला. विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला स्वतः दाखला द्यायचा नाही, हे त्या शब्दाचे मर्म आहे, आणि जाहिरातींतल्या ‘हॉलमार्क’मध्ये नेमके तेच हरवते.

मालकांनी कुडीची दांडी भिंगाखाली धरली तेव्हा बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह, 22के916 आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, स्वच्छ वाचता आला. चोवीस भागांत बावीस भाग सोने म्हणजे हजारांत सुमारे 916, हा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालताच दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसली, आणि दोन्ही पावतीशी जुळत होत्या. हॉलमार्किंगचे नगास 45 रुपये पावतीत वेगळे दाखवले होते.

घडणावळ मात्र टक्क्यांत लावतात आणि ती चढी वाटली. घासाघीस केल्यावर थोडी उतरली. दुर्वेबाबतही नाराजी आहे. दोन ग्रॅमच्या आतील वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे तिथे गिऱ्हाइकाच्या हाती पावतीखेरीज काही नसते. त्या पावतीवर दुर्वेचा कस आम्ही मागितल्यावरच लिहून मिळाला. एरवी इतक्या काटेकोर असलेल्या पेढीने तो न मागता लिहायला हवा होता.